घड्याळकाकांचं वकीलपत्र

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला कंपनीत सगळे घड्याळकाका म्हणत. वेळेचे पक्के म्हणून नव्हे. वेळेच्या बाबतीत भाऊजी अगदीच ढिले. जेवायला बोलावलं की आम्ही पानं वाढून ताटकळत बसायचो आणि हे शेजारच्या कोणाच्या तरी बिघडलेल्या पंख्यात डोकं घालून बसलेले असायचे. नाव पडलं होतं दुसऱ्याच कारणानं, आणि ते कारण आधी सांगितलं नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. एकतीस वर्षं तेच काम. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक कुलूप असतं आणि त्या कुलपात विजेचा एक जोड असतो. दार नीट मिटलं, कुलूप बसलं, की जोड जुळतो आणि मगच लिफ्ट हलते. एका जरी मजल्याचं दार अर्धवट राहिलं तरी ती जागची हलत नाही. आता एखाद्या दाराचं काम करायचं आहे आणि लिफ्ट चालवूनही बघायची आहे, तर काय करायचं? मेकॅनिक लोक वर मशीनच्या खोलीत जातात आणि तिथल्या पॅनेलमध्ये एक वीतभर वायर लावतात, दोन टोकांना चिमटे असलेली. वायर लावली की लिफ्टला वाटतं सगळी दारं बंद आहेत. काम झालं की वायर काढायची. हे भाऊजींनी मला जेवताना वाटी आणि चमचे मांडून इतक्यांदा समजावलं होतं, की वेळ आली असती तर मीही एखादी लिफ्ट चालू केली असती.

वायर काढायची राहिली तर दार उघडं आणि लिफ्ट भलत्याच मजल्यावर. म्हणून वायर लावायच्या आधी भाऊजी मनगटावरचं घड्याळ काढत आणि पॅनेलच्या मुठीला अडकवत. घड्याळ लग्नातलं, आमच्या वडिलांनी दिलेलं. ते विसरून घरी जायची त्यांची छाती नव्हती, कारण घरी माझी बहीण होती. घड्याळ घ्यायला गेलं की वायर दिसायची. आधी वायर काढायची, मग घड्याळ घालायचं. तरणी पोरं हसायची, "काका, लक्षात राहत नाही का?" भाऊजी म्हणायचे, "राहतं रे. पण ज्या दिवशी राहणार नाही, तो दिवस काय मला आधी कळवून येणार आहे?"

मी स्वतः कोर्टाच्या इमारतीत जिन्याखाली बसतो. एक टेबल, कॉम्प्युटर, खरखर करणारा प्रिंटर आणि पक्षकारासाठी एक खुर्ची. पक्षकार बोलतो, मी टाइप करतो. सव्वीस वर्षांत एवढी माणसं ऐकली आहेत, की समोरच्यानं तोंड उघडलं की हा कुठवर जाणार याचा मला अंदाज येतो. सगळ्यात आधी कोण बुडतं? चोर नाही. चोर पहिल्यांदा वकील गाठतो, मग बायकोला फोन करतो. बुडतो तो सरळ माणूस, ज्याला वाटतं खरं सांगितलं की सुटलो. तो पोलिसांना सगळं भडाभडा सांगून मोकळा होतो, खाली सही करतो आणि मग माझ्या खुर्चीवर येऊन विचारतो, "साहेब, यातलं काही आता खोडता येईल का?" अशा माणसांचा मला राग येतो. खरोखर येतो. भाऊजी त्यातलेच, असं मला पहिले दोन महिने वाटत होतं.

आमच्या घरात आणखी एक माणूस आहे. आमचा धाकटा भाऊ. त्रेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याला सगळे धाकटाच म्हणतात. मधली सात-आठ वर्षं त्यानं बाटलीत घालवली. बायको दोन्ही मुलींना घेऊन माहेरी निघून गेली. मी त्याला बोलून बोलून थकलो आणि शेवटी त्याच्याशी बोलणंच टाकलं. भाऊजी बोलले काहीच नाहीत. त्यांनी त्याला कंपनीत चिकटवला, स्वतःचा जोडीदार म्हणून मागून घेतला आणि दोन वर्षं रोज सकाळी त्याच्या दारात उभं राहून त्याला कामावर नेला. दारू सुटली. बायको परत आली. मुली शाळेतून थेट आत्याकडे येऊ लागल्या, कारण बहिणीला मूलबाळ नव्हतं आणि आतोबांच्या खिशात स्प्रिंगा, छर्रे, लोहचुंबक असं काहीतरी कायम असायचं. धाकट्याला माणसात आणलं ते भाऊजींनी. हे मी आधीच कबूल करतो, कारण पुढे माझ्याबद्दल फारसं चांगलं सांगण्यासारखं नाही.

त्यांच्या कामात जोडी असते. काम दोघांनी करायचं आणि कामाच्या वहीत सही जोडीतल्या थोरल्यानं करायची, दोघांच्या वतीनं. जोडीदाराचं नाव वहीत कुठेच येत नाही. वर्षानुवर्षांची पद्धत. तिच्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलंही नव्हतं.

त्या मंगळवारी दोघं एका रुग्णालयात होते. चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप सैल झालं होतं. ते दुरुस्त केलं, उतरत्या दुपारी वहीत सही झाली, दोघं आपापल्या घरी गेले. बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला चौथ्या मजल्यावरच्या मावशी धुण्याच्या चादरींची गाडी घेऊन लिफ्टपाशी आल्या. गाडी जड असायची, म्हणून त्या नेहमी पाठमोऱ्या आत शिरायच्या आणि गाडी मागून ओढून घ्यायच्या. त्यांनी दार ओढलं. कुलूप पुरतं बसलेलं नव्हतं, दार उघडलं. लिफ्ट तळमजल्यावर होती. मावशी पाठमोऱ्याच आत गेल्या.

पोलिसांनी मशीनची खोली उघडली तेव्हा पॅनेलमध्ये वायर तशीच होती. वहीत आदल्या दिवशीची सही होती, भाऊजींची.

बोलावणं यायची त्यांनी वाटसुद्धा पाहिली नाही. दुपारी स्वतःच चालत पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब देऊन आले. दीड पानाचा जबाब. तो पुढे माझ्या हाती आला तेव्हा मी कपाळाला हात लावला. "काम माझे होते. वायर काढायची राहिली. वहीतील सही माझी आहे. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही." शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं वाचलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब वाचणारा माणूस मी, पण न विचारता दिलेलं उत्तर मला दिसलं नाही.

निष्काळजीपणानं मृत्यू ओढवल्याचा गुन्हा दाखल झाला. जामीन मी राहिलो. कंपनीनं त्यांना घरी बसवलं आणि आपला वकील उभा केला, पण तो कंपनीला वाचवण्यासाठी होता, भाऊजींसाठी नव्हे.

वकील करा म्हणून पहिला हट्ट माझ्या बहिणीनं धरला.

"दादा, तू तरी सांग ह्यांना. तुझं रोजचं उठणं-बसणं त्या लोकांत."

भाऊजी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून शेजारणीचा मिक्सर उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "वकील कशाला? मी काय कोणाचा खिसा कापलाय?"

"खिसा कापला असता तर मी एवढी काळजी केली नसती," मी म्हणालो. "खिसेकापूला स्वतःचं बघता येतं. तुम्हाला नाही येत."

"वकील काय करणार? मावशींना परत आणणार?"

"नाही आणणार. पण कुठे तोंड मिटून बसायचं ते सांगणार."

"ते आता काय कामाचं? मी बोलून चुकलोय."

"म्हणून तर पाहिजे," बहीण म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुम्हाला तुरुंगात जायची एवढी हौस असेल तर जा. पण मला इथे एकटीला ठेवून जाताय, तेवढं एकदा माझ्या तोंडाकडे बघून सांगा."

भाऊजींनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. मिक्सरचं पातं फिरवून बघत राहिले.

असे सहा आठवडे गेले. मी समजावलं, चिडलो, टोमणे मारले. "तुमच्या लिफ्टमध्ये बिघाड झाला की लोकांनी स्वतः पाना घेऊन बसावं का?" असंही विचारलं. ते हसले. हसून झाल्यावर पुन्हा नाही म्हणाले. धाकटा रोज संध्याकाळी मुलींना न्यायला यायचा. उंबऱ्यातूनच मला हळूच विचारायचा, "दादा, भाऊजींनी वकील केला का?" मी नाही म्हणालो की मान हलवून निघून जायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. म्हणायचो, चला, याला निदान जाण आहे.

शेवटी बहिणीनं जेवण टाकलं. दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजी मुकाट्यानं चपला घालून माझ्याबरोबर निघाले.

वकीलबाई माझ्या ओळखीच्या. त्यांची सगळी कामं मीच टाइप करतो, फीचं नंतर बघू म्हणाल्या होत्या. त्यांचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं वर जायचं. एक खोली, भिंतभर फायली, खिडकीत वाळायला ठेवलेला काळा कोट. त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहून दिलंत?"

"कोणाच्या नाही. माझं मीच."

"बरं. जे झालं ते झालं. आपण दोन बाजूंनी जाऊ. एक, त्या बाई न बघता पाठमोऱ्या आत गेल्या. रिकामी जागा आहे हे बघण्याची जबाबदारी त्यांचीही होती."

भाऊजी ताठ झाले. "मावशी अशाच आत जायच्या. वीस वर्षं. मीच त्यांना सांगितलं होतं की लिफ्ट नसेल तर दार उघडतच नाही, तुम्ही निर्धास्त या."

वकीलबाईंनी समोरच्या कागदावर एक काट मारली. मग म्हणाल्या, "ठीक आहे, ते सोडू. दुसरी बाजू. मला फक्त एवढं सांगा, त्या दुपारी पॅनेलला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागला का?"

"नाही."

"तुम्ही दिवसभर तिथेच होतात?"

भाऊजी उठले. खुर्ची नीट जागेवर ठेवली. "बाई, तुमचा वेळ घेतला. मला वकील नको."

मी जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा वकीलबाईंनी मला परत बोलावलं. छापील वकीलपत्र हातात दिलं. "नाव-पत्ता भरून ठेव. फक्त यांची सही लागेल. आणि ऐक. स्वतःला वाचवायला खोटं सांगणारे अशील मला रोज भेटतात, त्यांची मला सवय आहे. हा माणूस उलट्या बाजूनं खोटं सांगतोय. कोणासाठी, ते तू शोध."

मला ते पटलं नाही. बाईंना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं, असं मनाशी म्हणालो. वकीलपत्र मात्र त्याच दुपारी भरलं. भाऊजींचं नाव, वय, पत्ता, खटल्याचा क्रमांक, सगळं स्वच्छ टाइप केलं आणि पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायला गेलेले असताना मी बहिणीकडे गेलो. ती चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. लिफ्टवाल्याच्या बायकोनं तीस वर्षं जिने चढावेत, यावरून आमच्यात पुष्कळ थट्टा झालेली आहे. त्या दिवशी तिनं मला बसूसुद्धा दिलं नाही.

"दादा, मला काल आठवलं. त्या मंगळवारी हे घरी आले ना, तेव्हा घड्याळ हातात होतं."

"नक्की मंगळवार?"

"नक्की. हात धुताना काढून माझ्याकडे दिलं. म्हणाले, पट्टा सैल झालाय, बदलायला हवा. घड्याळ हातात होतं म्हणजे वायर निघालेली होती. हे कधी चुकलेत का यात? ती वायर ह्यांची नाहीच." तिचे डोळे भरून आले होते, आणि कित्येक दिवसांनी मी तिला हसताना बघितलं. "तू जा आणि वकीलबाईंना हे सांग. आत्ता जा."

मी म्हणालो, जातो. खरंच आनंदानं निघालो. चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर आलो, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, आणि तिथे माझे पाय थांबले. वायर भाऊजींची नव्हती. वायर तर होती. आणि त्या खोलीत गेलेली माणसं दोन. धाकट्याच्या हातात घड्याळ कधीच नसायचं. वेळ बघायला मोबाईल, आणि मशीनच्या अंधाऱ्या खोलीत टॉर्च म्हणूनही तोच, म्हणजे तो पॅनेलला टांगून ठेवायची सोय नाही. रोज संध्याकाळी उंबऱ्यातून येणारा तो प्रश्न मला आठवला. कितीतरी वेळ मी कठड्याला धरून तिथेच उभा होतो.

धाकटा कंपनीच्या स्टोअरमध्ये सापडला, जुन्या कुलपांच्या खोक्यांमध्ये बसून चांगली-वाईट वेगळी करत. मला बघितल्याबरोबर त्यानं विचारलं, "भाऊजींनी वकील केला का?"

"करतायत. उद्या सही होईल."

त्याच्या हातातलं कुलूप खोक्यात पडलं. मग मला काही विचारावंच लागलं नाही. त्या दुपारी शेजारच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कोणी तरी अडकलं होतं, म्हणून भाऊजी तासाभरासाठी तिकडे गेले. मागे यानं एकट्यानं वायर लावली, कुलूप बसवलं. तेवढ्यात शाळेतून फोन आला, धाकटीला ताप चढलाय, घेऊन जा. हा घाईघाईनं खाली आला. दारात भाऊजी भेटले. झालं का म्हणाले. हा झालं म्हणाला. भाऊजींनी वहीत सही केली.

"वायर आहे हे डोक्यातच नव्हतं रे दादा. देवाशपथ नव्हतं. सकाळी कळलं तेव्हा आठवलं." तो रडत होता, आवाज न करता, चेहरा तसाच ठेवून. "मी सांगतो पोलिसांना. रोज ठरवतो. आज सांगतो."

असं तो म्हणाला, आणि खोक्यावरून उठला नाही. मीही त्याला उठवलं नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नव्हती.

भाऊजी मला त्यांच्या घराखालीच भेटले, हजेरी देऊन परत येत होते. वर जायच्या आधी आम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो. मी म्हणालो, "मला कळलं."

त्यांनी कोण, काय, असं काही विचारलं नाही. मनगट खाजवत बसले. "मी वर जाऊन बघायला हवं होतं, दादा. सही करण्याआधी पॅनेल उघडून बघायचं असतं. मी हाताकडे बघितलं. घड्याळ होतं. म्हटलं झालं, सगळं निघालंय. घड्याळ माझं, वायर त्याची, हे डोक्यात आलंच नाही. एकतीस वर्षांत पॅनेल न बघता सही केली ती तेवढीच. म्हणजे मी अगदी खोटं सांगितलेलं नाही."

"अर्धं खोटं सांगितलंत."

"अर्धं चालतं."

"त्याचं नाव सांगितलंत तर तुम्ही कदाचित सुटाल. निदान थोडक्यात सुटाल."

"आणि तो?" ते म्हणाले. "तुम्ही त्याला बघितलंय ना त्या दिवसांत? तो आत गेला तर बाहेर येऊन पुन्हा बाटलीच धरेल, आणि त्याच्या बायकोला ते आता सोसायचं नाही. ती पुन्हा मुलींना घेऊन जाईल. मी जाईन आणि येईन. मला काही होत नाही."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उपकार केल्याचा भावही नव्हता. नुसते दमले होते.

"ती वकीलबाई हुशार आहे. दुसऱ्या प्रश्नालाच बरोबर जागी पोचली. तिच्या हातात गेलो तर ती त्याचं नाव काढणारच. म्हणून मला वकील नको. पण तुम्ही मोठे आहात, दादा. भाऊ तुमचा, बहीणही तुमचीच. तुम्ही म्हणालात तर मी आत्ता सही करतो. कागद आहे ना तुमच्याकडे?"

कागद होता. पिशवीत, वरच्यावर, नाव-पत्ता भरलेला. खिशात पेनही होतं. सहा आठवडे मी ज्या सहीसाठी या माणसाचं डोकं खाल्लं होतं, ती तो आता द्यायला तयार होता. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी पिशवीची चेन लावली. म्हणालो, "वर चला, ती वाट बघत असेल."

ते उठले आणि माझ्या पुढे जिना चढू लागले. मला त्या क्षणी हायसं वाटलं. ते मला आजही लपवता येत नाही. बहिणीनं दारातच विचारलं, वकीलबाई काय म्हणाल्या? मी म्हणालो, घड्याळाचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही, कोर्ट ते धरत नाही. सव्वीस वर्षं कोर्टात बसलेल्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर ती काय बोलणार? तिनं नुसती मान हलवली. त्यानंतर तिनं वकिलाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, थकली बिचारी.

तारीख आली. कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर, मी जिथे बसतो त्याच्या बरोबर डोक्यावर. मागच्या बाकावर मावशींचा नवरा होता, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. न्यायाधीशांनी भाऊजींना विचारलं, वकील केलाय का? भाऊजी नाही म्हणाले. वकील ठेवण्याची ऐपत नसेल तर सरकारकडून मिळतो, माहीत आहे का? माहीत आहे म्हणाले. हवा आहे का? नको म्हणाले. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा सगळं हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, कबुलीचा परिणाम काय होईल तेही सांगितलं. त्या भल्या माणसानं तीनदा विचारलं. तीन वेळा मला उभं राहता आलं असतं. धाकटा माझ्या शेजारी बसला होता. त्याचा गुडघा एवढा थरथरत होता की बाक हलत होता. मी त्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. त्याला धीर द्यायला की त्यानं उठू नये म्हणून, ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

"गुन्हा कबूल आहे का?"

भाऊजींनी मागे वळून मावशींच्या नवऱ्याकडे बघितलं. "कबूल आहे."

मावशींच्या नवऱ्यानं मान खाली घातली आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. दीड वर्षाची शिक्षा झाली.

आत नेण्याआधी त्यांना खिशातलं सगळं काढून द्यायला सांगितलं. एक स्प्रिंग निघाली, दोन छर्रे, हातरुमाल. मग त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पट्टा तेवढा बदलून घ्या," म्हणाले. "आणि हिच्याकडे द्या."

मी पट्टा बदलला. संध्याकाळी बहिणीकडे गेलो तेव्हा धाकटा तिथेच होता, मुलींना न्यायला आलेला, दाराशी चपलाही न काढता उभा. मुली आत अभ्यास करत होत्या. बहिणीनं घड्याळ घेतलं, कानाशी नेलं, पदरानं काच पुसली. मग धाकट्यासमोर जाऊन म्हणाली, "हात पुढे कर."

"ताई..."

"कर म्हणते ना."

तिनं ते घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. पट्टा नवा होता, कडक, भोकात जाईना. तिनं नेट लावून घातला.

"वायर लावायच्या आधी हे काढून पॅनेलला अडकवायचं. वायर निघाली की मग हातात," ती म्हणाली. "ह्यांनी तुला शिकवलं होतं ना?"

धाकट्यानं मान हलवली. घड्याळाच्या हाताला दुसरा हात लावायचीही त्याची हिंमत होत नव्हती. तिनं मुलींना हाका मारल्या, दप्तरं त्यांच्या पाठीवर चढवली आणि तिघांना वाटेला लावलं.

आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू त्या दिवशी घाईघाईनं जिना उतरत होतास. मी वरून ऐकत होते. दुसऱ्या मजल्यावर तुझी पावलं थांबली आणि कितीतरी वेळ पुढे जाईनात. तेव्हा माझ्याही लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू येऊन काय सांगतोस ते बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, दादा वकील करू म्हणाला तर करू. तू आलास आणि म्हणालास, कोर्ट घड्याळ धरत नाही. मला बरं वाटलं, दादा. एवढं बरं वाटलं की आत जाऊन रडले." ती उठली आणि भाऊजींचं ताट रॅकवरून काढून वरच्या फळीवर ठेवू लागली.

निकालाची नक्कल मीच काढून आणली. तिच्यात एक ओळ आहे: आरोपीने वकील नेमण्यास स्वतःहून नकार दिला. टायपिंगमध्ये कुठेही चूक नाही, तरी ती ओळ खोटी आहे. नकार देणारे आम्ही चौघं होतो.